पाककृतीचा निवाडा कोणी करावा?

एखादी पाककृती घरी करून पाहण्याजोगी आहे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. सामाजिक विचाराला वाहिलेल्या नियतकालिकात त्याला जागा कशाला, असेही काही वाचक विचारतील. परंतु ज्या माणसांनी काय खावे, कोणाचे उरलेले खावे आणि कशाला हात लावू नये हे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ठरवले, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही. कृती तपासून 'ही माझ्या घरी शिजेल' किंवा 'ही माझ्या घरी शिजणार नाही' असे म्हणणे हा एक निवाडा आहे. निवाडा करण्यासाठी अधिकार लागतो. तो अधिकार आपल्याकडे केव्हा होता, केव्हा नव्हता आणि तो आपण कसा मिळवला, याचा इतिहास मला येथे थोडक्यात मांडायचा आहे.

मी आरमोरीचा. वैनगंगेच्या काठच्या धानपट्ट्यात वाढलो आणि याच भागात शिक्षकी केली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात होतो आणि त्याच्याही आधी त्या जिल्ह्याला चांदा म्हणत. म्हणून या लेखातील उदाहरणे मुख्यतः झाडीपट्टीतील आहेत. मात्र प्रश्न झाडीपट्टीपुरता नाही.

१

छापील पाककृतीचा आपल्याकडचा इतिहास फार जुना नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. मराठीतले पहिले छापील पाकपुस्तक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० चे. त्यानंतर १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि ते मध्यमवर्गीय घराघरांत पोचले. 'रुचिरा'चा एक गुण मान्य केला पाहिजे. त्यांनी मापे वाटी-चमच्यात दिली. शेर-छटाक किंवा ग्रॅमच्या भानगडीत न पडता, जे भांडे घरात असते तेच माप धरले. लग्न होऊन परगावी गेलेल्या, सासू-आईपासून दूर राहणाऱ्या मुलीला त्या पुस्तकाचा आधार वाटला, तो उगाच नाही.

या पुस्तकांच्या लेखकांवर राग धरण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या वाचकांसाठी लिहिले. परंतु वाचक कोण, हे त्यांनी गृहीत धरले होते आणि ते गृहीत पानापानांतून दिसते. 'साहित्य' या शीर्षकाखाली जी यादी येते, ती सगळी घरात आहे किंवा दुकानातून आणता येते, असे मानलेले असते. 'मंद आचेवर' म्हटले की तेवढा वेळ चूल पेटती ठेवण्याइतके जळण आहे, असे मानलेले असते. 'पाणी ओतून टाकावे' म्हटले की दुसरे पाणी हाताशी आहे, असे मानलेले असते. 'चार माणसांसाठी' म्हटले की खाणारी तोंडे चारच आहेत आणि चौघांनाही सारखे वाढले जाणार आहे, असे मानलेले असते. या चार गृहीतांपैकी एकही आमच्या वस्तीतल्या घराला लागू पडत नव्हते. आमच्या वस्त्यांत वेगळे पाणवठे होते, जळण जंगलातून डोक्यावरून येत होते आणि धान्य मजुरीच्या पायलीने येत होते.

मग आमच्या बायांना पाककृतीची पारख नव्हती काय? होती, आणि ती पुस्तकी पारखेपेक्षा कडक होती. नवा पदार्थ कानावर आला की माझी माय आधी चव विचारीत नसे. ती विचारी: जिन्नस घरचा की विकतचा? लाकडं किती जळतील? किती तोंडांना पुरेल? आणि खाऊन दुसऱ्या दिवशी रोवणीला वाकता येईल का? या चार प्रश्नांतून जी कृती पार पडे तीच चुलीवर चढे. चव हा पाचवा प्रश्न होता. तो महत्त्वाचा नव्हता असे नाही. जवसाची चटणी, अंबाडीची आंबट भाजी, पावसाळ्यात उगवणाऱ्या सात्या, बांबूचे कोवळे वास्ते, वैनगंगेतले झिंगे यांना ज्या घरात चवीने खाल्ले जाई त्या घराला जीभ नव्हती असे कोण म्हणेल? पण आधीचे चार प्रश्न सुटल्याशिवाय पाचव्याची पाळी येत नसे.

पुरणपोळीचे उदाहरण घ्या. महाराष्ट्राचा पदार्थ म्हणून तिचा गौरव होतो. धानपट्ट्यात तिची पारख कशी होईल? आमच्या बांधीत भात पिकतो, गहू नावापुरता. हरभऱ्याची डाळ विकतची. गूळ विकतचा. डाळ शिजवायची, वाटायची, एकेक पोळी भाजायची म्हणजे जळण दुप्पट. मजुरी धानात मिळत असेल तर गूळ आणण्यासाठी आधी धान विकायचे, म्हणजे पुढच्या चार दिवसांच्या भाताला कात्री लावायची. इतके करून वाट्याला दीड-दोन पोळ्या. सणाला एखादवेळ ठीक आहे. पण पुरणपोळी न करणारे घर संस्कृतीने कमी, असा जो भाव पाठ्यपुस्तकांतून आणि कथा-कादंबऱ्यांतून आपल्या मुलांच्या मनात शिरतो, तो या हिशेबाचे अज्ञान दाखवतो. ज्याला महाराष्ट्राचे जेवण म्हणतात ते एका विशिष्ट प्रदेशातील विशिष्ट थरांचे जेवण आहे.

२

आता अशी एक कृती घेऊ, जी आमच्या भागात खरोखर घरोघरी शिजत आली आहे आणि जिच्यावर सरकारने, डॉक्टरांनी आणि सावकारांनीही आपापला निवाडा दिला आहे. ती म्हणजे लाखोळीची डाळ.

भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत लाखोळीचे पीक जुने आहे. धान कापणीला येण्याआधी बांधीतल्या ओल्या चिखलात तिचे बी फेकून देतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी देणे नाही. धान निघाले की मागे लाखोळी उभी राहते आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढते. पाऊस कमी झाला तरी ती तग धरते. तिच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, डाळीचे वरण होते, भिजवून वाटून वडे होतात. मायच्या चारही प्रश्नांना ती उतरते: जिन्नस घरचा, शिजायला सोपी, भाताबरोबर पुरवठ्याची आणि पोटाला आधार देणारी.

पण तिच्यात विष आहे. रोजच्या आहाराचा मोठा हिस्सा ही डाळ झाली आणि ती सलग दोन-तीन महिने खाल्ली गेली, तर कमरेखालचे पाय ताठरतात, गुडघे वाकून चाल बिघडते, माणूस आधी काठीवर आणि पुढे सरपटण्यावर येतो. तरुण पुरुषांत हा आजार अधिक आढळला आहे. एकदा झाला की पाय पूर्ववत होत नाहीत. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी या दाण्यातील विषारी द्रव्य वेगळे काढले. हे द्रव्य पाण्यात विरघळते. म्हणून डाळ गरम पाण्यात कित्येक तास भिजवून ते पाणी फेकून दिले, पुन्हा नव्या पाण्यात शिजवून वरचे पाणी काढले, तर विषाचा बराचसा अंश निघून जातो. तांदूळ, भाजी, मासळी यांच्या जोडीने आणि थोड्या प्रमाणात खाल्ली तर धोका पुष्कळ कमी होतो.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून विचार केला पाहिजे. सुरक्षित कृती कोणती, हे माहीत आहे. ती घरी करण्याजोगी आहे का? तिला दुप्पट पाणी लागते. जिला दूरच्या पाणवठ्यावरून हंडा आणावा लागतो ती भिजवलेले पाणी फेकताना दहा वेळा विचार करील. तिला जास्त जळण लागते. जंगलात मोळी आणायला गेलेल्या बाईला वनरक्षक अडवतो, तेव्हा त्या कृतीची किंमत वाढते. आणि तिला जोडीला भात लागतो. ज्या घरात भातच संपला आहे त्या घराला 'थोड्या प्रमाणात खा' हा सल्ला देणे म्हणजे थट्टा आहे. माझ्या लहानपणी म्हाताऱ्या बाया नव्या सुनेला सांगत, "पाणी फेकून देजो, अन् भात जास्त घेजो." त्यांनी विज्ञान संस्थेचे नावही ऐकले नव्हते. पिढ्यांच्या अनुभवाने त्यांनी कृती सुधारली होती. पण ती पाळता येणे त्यांच्या हाती नव्हते. धान किती आहे यावर ते ठरे, आणि धान किती मिळावे हे मालक ठरवी.

३

हा केवळ आमच्या धानपट्ट्याचा अनुभव नाही. लाखोळीने माणसे जेथे जेथे लुळी झाली, तेथे तेथे हेच आढळते की खाणाऱ्याला निवड नव्हती.

इंग्रज अधिकारी स्लीमन याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात सागर प्रदेशातील हकिगत नोंदली आहे. तेथे १८२९ पासून सलग काही वर्षे गव्हाचे पीक बुडाले आणि हीच डाळ तेवढी शेतात उरली. लोकांनी ती खाल्ली, आणि पुढे अनेक तरुणांचे कमरेखालचे अंग गेले. स्पेनमध्ये १८११-१२ च्या दुष्काळात माद्रिदच्या गरिबांनी याच दाण्याच्या पिठाची लापशी खाऊन दिवस काढले. चित्रकार गोया याने त्या लापशीभोवती जमलेल्या माणसांचे एक चित्र कोरून ठेवले आहे. त्यात एक बाई जमिनीवर पडलेली दिसते.

याहून भयंकर उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील आहे. रुमानियाच्या ताब्यातील वाप्नियार्का येथील छळछावणीत १९४२ मध्ये ज्यू कैद्यांना जनावरांच्या चाऱ्याचा हा दाणा रोजचे जेवण म्हणून देण्यात आला. थोड्याच महिन्यांत शेकडो कैद्यांचे पाय गेले. कैद्यांपैकीच एक डॉक्टर आर्थर केसलर यांनी आजाराचे कारण ओळखले. कैद्यांनी उपोषण केले, ते अन्न नाकारले. तारांच्या कुंपणाआडच्या माणसांनीही आपल्या ताटाचा निवाडा स्वतः करण्याचा अधिकार मागितला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या देशात तारांचे कुंपण नव्हते. कर्जाचे होते. मध्य प्रदेशातील रीवा भागात वेठबिगार शेतमजुरांना मालक मजुरी म्हणून हीच डाळ देत. गहू-तांदूळ बाजारात जाई, डाळ मजुराच्या पदरात पडे. ती त्याचे वरण नव्हती, तिचीच तो भाकरी करी. रीवा-सतना भागात लुळ्या मजुरांची वस्तीच्या वस्ती आढळली ती यामुळे. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही जवळजवळ तीस वर्षे हा व्यवहार कायद्याच्या नजरेत स्पष्ट गुन्हा नव्हता.

सरकारने काय केले? अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आणली. हेतू चांगला असेल. पण परिणाम पाहा. बंदी विक्रीवर आली, मजुरी कशात द्यायची यावर आली नाही. मजुराचे ताट बदलले नाही. धानपट्ट्यातला लहान शेतकरी मात्र चोर ठरला. त्याची डाळ पडत्या भावाने व्यापाऱ्याकडे गेली आणि बेसनात, तूर डाळीत मिसळून शहरातल्या माणसाच्या पोटात गेली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला, उपोषणे केली. कमी विषाचे वाण कृषी संशोधकांनी तयार केले आणि २०१६ च्या सुमारास केंद्रीय पातळीवर त्या वाणांबद्दल पुन्हा विचार सुरू झाला. वैज्ञानिक वादात मी पडत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की डाळ वाईट की चांगली, हा प्रश्न एकट्या डाळीचा नाही. ताटात दुसरे काय आहे यावर तो अवलंबून आहे, आणि ताटात दुसरे काय आहे हे मजुरी ठरवते. जी कृती पोटभर भात असलेल्या घरी रुचकर वरण आहे, तीच भात नसलेल्या घरी पाय नेणारी आहे.

४

आतापर्यंत खर्च आणि शरीर या दोन कसोट्या झाल्या. तिसरी कसोटी आपल्या चळवळीने दिली आणि ती पाकपुस्तकांत कुठेच सापडणार नाही. ती कसोटी माणुसकीची.

मेलेल्या जनावराच्या मांसाची कृती आपल्या समाजात होती, हे लपवण्यात अर्थ नाही. बेबीताई कांबळे यांच्या १९८६ च्या 'जिणं आमुचं'मध्ये त्या जगण्याचे तपशील आले आहेत. मांसाचे वाटे पडत, लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवत, पावसाळ्यासाठी साठवून ठेवत आणि निखाऱ्यावर भाजून खात. स्वयंपाकाच्या दृष्टीने पाहिले तर ही मोठी कारागिरी होती. ज्या घरात मीठसुद्धा जपून वापरावे लागे, त्या घरातल्या बाईने उन्हाच्या बळावर मांस महिनोन्‌महिने टिकवले. पैसा लागत नव्हता, तेल लागत नव्हते, आणि मांस असल्यामुळे अंगाला बळ येत होते. खर्चाच्या आणि पोटाच्या कसोटीला ही कृती उतरत होती.

आणि तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृत मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असे सांगितले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये महाडला स्त्रियांसमोर बोलताना त्यांनी हा विषय त्यांच्या हाती सोपवला: मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका. या दुसऱ्या भाषणाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. परिषदेतला ठराव पुरुषांनी हात वर करून मंजूर केला असेल, पण तो अंमलात आणण्याची जागा चूल होती. घरात काय शिजेल हे ठरवण्याचा अधिकार बाबासाहेबांनी त्या बाईला दिला, जिला तोपर्यंत गावाने, पाटलाने आणि नवऱ्यानेही तो दिला नव्हता. 'हे माझ्या घरी शिजणार नाही' असे ती म्हणाली, तेव्हा तिने पुस्तक न वाचता पाककृतीचा निवाडा केला.

त्या नकाराची किंमत होती. लाभ सोडावा लागला आणि उपासही पडले. त्या वेळी सवर्णांतून हिशेब मांडला गेला की मेलेले ढोर ओढण्यात महारांचा फायदाच आहे, कातडे आहे, शिंगे आहेत, मांस आहे. ते सोडून ही माणसे स्वतःचे नुकसान करून घेत आहेत. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या युक्तिवादाची आठवण सांगितली आणि असा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, असे आपण त्यांना बजावल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी, १६ ऑक्टोबरला, त्यांनी चांद्याला दीक्षा दिली. आमच्या भागातल्या गावागावांतून माणसे तेथे गेली. परतल्यावर त्या घरांतल्या चुलींवर जे बदलले ते इतिहासाच्या पुस्तकात क्वचित लिहिले जाते. पण धर्मांतराचा रोजचा अनुभव भांड्यापाशीच येत होता.

येथे एक भेद नीट केला पाहिजे, कारण आज तो पुसला जातो. मृत मांस सोडणे म्हणजे मांस सोडणे नव्हे आणि शुद्धतेच्या ब्राह्मणी कल्पनेला शरण जाणेही नव्हे. पदार्थाची जात हा बाबासाहेबांचा मुद्दा नव्हता. तो पदार्थ आपल्या पदरात ज्या व्यवहाराने पडतो, त्या व्यवहाराला त्यांचा नकार होता. मेलेले ढोर ओढायचे म्हणून मांस मिळायचे. वाढणारा आणि घेणारा यांच्यातले नाते गुलामीचे होते. ते नाते तोडायचे तर ताटही बदलले पाहिजे.

म्हणून नकार आणि बंदी एक नाहीत. नकार खाणारा देतो, बंदी दुसरा लादतो. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. असे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. आपल्या घरात काय खावे हा माणसाचा खाजगी प्रश्न आहे, हे न्यायालयाला सांगावे लागले. ज्यांच्या आजीने स्वतःच्या निर्णयाने मृत मांस नाकारले, त्यांच्या नातवाच्या डब्यात पोलिसाने डोकावावे, या दोन गोष्टींत काही साम्य आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याला महाड कळलेले नाही.

५

अलीकडे दलितांच्या अन्नाची लेखी नोंद होऊ लागली आहे. २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणी आणि इतिहास यांवर काम प्रसिद्ध केले. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवरच्या कृती छापून आणल्या. ज्या कृतींना 'साहित्य आणि कृती' असा मान कधी मिळाला नव्हता, त्यांना तो मिळाला. ही मोठी गोष्ट आहे.

पण छापील कृती हाती आली की नवा प्रश्न उभा राहतो: ती आज घरी करावी का? आपल्या तरुणांत याची दोन टोकाची उत्तरे ऐकू येतात. एक शरमेचे: हे खाणे गरिबीचे, ते विसरून जावे, वाटल्यास पाकिटातले काहीही आणावे पण तरोट्याची भाजी पाहुण्यासमोर ठेवू नये. दुसरे अभिमानाचे: जे जे आजोबांनी खाल्ले ते ते आपले, ते सगळे पुन्हा शिजवावे. दोन्ही उत्तरांत निवाडा नाही. पहिल्यात दुसऱ्याची नजर आहे, दुसऱ्यात भूकेचे कौतुक आहे. भूक ही संस्कृती नव्हे. निवडुंगाची बोंडे खावी लागली ही नोंद ठेवायची, तिची मेजवानी करायची नाही. उलट अंबाडी, तरोटा, सात्या, वास्ते, झिंगे, जवस यांची कला ही भुकेची खूण नव्हे. ती जंगल आणि बांधी ओळखण्याची विद्या आहे, आणि ती या भागातील गोंड, परधान, ढिवर, हलबा आणि आपण सर्वांनी मिळून जपली आहे. मोहफुलाचे लाडू आज बचत गट विकतात आणि शहरातले लोक ते पौष्टिक म्हणून घेतात. कालपर्यंत ते जंगलवासीयाचे खाणे म्हणून हिणवले जात होते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की आपण कसोटी स्पष्ट शब्दांत मांडावी. कोणतीही कृती, मग ती पुस्तकातली असो, आजीची असो की मोबाइलवर पाहिलेली, तिला चार प्रश्न विचारावेत. पहिला: जिन्नस कुठून येतो आणि त्यासाठी घरातले दुसरे काय कमी करावे लागते? दुसरा: पाणी, जळण आणि वेळ किती, आणि तो वेळ कोणाचा? तिसरा: ज्या शरीराला ती खायची आहे त्याचे पुढे काय होते, एका दिवसाने आणि दोन महिन्यांनी? चौथा: हा पदार्थ ज्या व्यवहारातून आपल्याकडे आला त्यात आपली मान ताठ राहते का? चारही उत्तरे समाधानकारक असतील तर चव पाहावी आणि खुशाल करावी.

यातला दुसरा प्रश्न आपल्याच घरात टोचणारा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. सभेला पन्नास माणसे येणार म्हणून घरातून फर्मान सुटते. कार्यकर्ता समतेवर बोलत असतो आणि आत त्याची बायको धुरात वडे तळत असते. पदार्थ पारंपरिक आहे, खर्च कमी आहे, आपला आहे, सगळे खरे. पण तीन तास वाटण्याचे काम कोणी केले आणि शेवटी तिच्या ताटात काय उरले, हे कोणी विचारीत नाही. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून पुष्कळ घरांत गॅस आला, तरी सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पेटतेच आणि मोळी आणायची ती बाईच. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. सरपण, बांबू, मोह यांवर गावाचा हक्क म्हणजे त्या गावातल्या प्रत्येक पाककृतीच्या किमतीत बदल, असा त्याचा अर्थ आपण लावला पाहिजे. मजुरीचा लढा, पाण्याचा लढा, वनहक्काचा लढा हे स्वयंपाकघराच्या बाहेरचे लढे नाहीत.

शेवटी शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना एक काम सुचवतो. आपल्या गावातील म्हाताऱ्या बायांकडे जावे आणि त्यांच्या कृती लिहून घ्याव्यात. मात्र 'साहित्य' आणि 'कृती' एवढ्या दोन रकान्यांवर थांबू नये. तिसरा रकाना करावा: धान्य कोणत्या मजुरीचे. चौथा: पाणी आणि लाकूड कुठून आणले. पाचवा: आधी कोण जेवले, शेवटी कोण. सहावा: ही कृती त्यांनी केव्हा आणि का सोडली, किंवा का सोडली नाही. हा सहावा रकाना सर्वांत मोलाचा आहे, कारण त्यात त्या बाईचा स्वतःचा निवाडा असेल. १९२७ पासून १९५६ पर्यंत आपल्या समाजाने जी क्रांती केली तिचा एक मोठा भाग अशा न लिहिलेल्या निवाड्यांचा आहे. सांगणाऱ्या बाया आता थोड्या उरल्या आहेत. हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये.